जतच्या पुढची भाषा

"बोलत राहा काका. काहीही बोला, पण थांबू नका."

माझ्या डोक्याशी स्टुलावर बसलेल्या भूलतज्ज्ञ डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचं नाव ताम्हणे. तोंडावर पट्टी, डोक्यावर टोपी, त्यामुळे मला त्यांचे फक्त डोळे दिसत होते. माझ्या चेहऱ्यावरून एक हिरवं कापड तंबूसारखं ताणलेलं होतं. त्याची उजवी कड त्यांनी वर धरली होती आणि त्या फटीतून आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत होतो. कापडाच्या पलीकडे, माझ्या मानेच्या डाव्या बाजूला, डॉक्टर बेलवलकर मान उघडून काम करत होते. मला दुखत नव्हतं. कुणी तरी लांबून माझ्या कातड्यावर ओलं फडकं फिरवतंय, एवढंच वाटत होतं.

"काय बोलू?" मी विचारलं.

"नोकरीत काय करायचात?"

"एसटीत. सातारा स्टँडवर वाहतूक नियंत्रक. माईकवरून गाड्या पुकारायचो."

"मग पुकारा की. आम्हाला पण ऐकू दे."

पलीकडून कुणी तरी हसलं. मी घसा साफ करायला गेलो, तर बेलवलकर म्हणाले, "खोकू नका कोळेकर. नुसतं बोला."

मी इथवर कसा आलो ते आधी सांगतो. दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी पोहे खात होतो आणि चमचा हातातून गळून पडला. उचलायला गेलो तर उजवा हात माझा नव्हताच जणू. बायकोला हाक मारायची होती. "शालन" म्हणायचं होतं, पण तोंडातून नुसतं "श, श" आलं. ती स्वयंपाकघरातून आली, माझ्याकडे बघितलं आणि तिथंच उभी राहिली. थोड्या वेळात सगळं जसंच्या तसं झालं. हातही आला, बोलणंही आलं. मी म्हटलं, काही नाही, ॲसिडिटी असेल. शालन म्हणाली, "ॲसिडिटीनं बायकुचं नाव इसरत न्हाईत." आणि तिनं मला त्याच दिवशी पुण्याला आणलं.

डाव्या बाजूने मेंदूकडे जाणारी मोठी शीर आतून चोंदली होती. बेलवलकरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. जाडजूड काळी रेघ वर जाता जाता एका ठिकाणी दोऱ्याएवढी होत होती.

"जांघेतून तार नेऊन आत जाळी बसवता येते," ते म्हणाले, "पण तुमची शीर नेमकी तिथंच वळलीय आणि साचलेला थर भुसभुशीत आहे. तार घासली आणि एखादा कण सुटला, तर तो थेट मेंदूत जायचा. त्यापेक्षा उघडून साफ करू. मात्र तुम्हाला जागं ठेवून."

"जागं?" शालननं विचारलं.

"काम चालू असताना ती शीर काही वेळ चिमट्यानं बंद ठेवावी लागते. तेवढ्यात मेंदूला दुसऱ्या बाजूनं रक्त पुरतंय का, हे यांच्या बोलण्यावरून आणि उजव्या हातावरून आम्हाला कळतं. बोलणं तुटलं, हात ढिला पडला, तर आत एक बारीक नळी टाकून रक्त चालू करायचं. पण नळी टाकण्यातही धोका असतो. उगीच टाकायची नाही."

तर असा मी टेबलावर होतो, उजव्या हातात रबराचं एक लहान मुलाचं खेळणं घेऊन. दाबलं की ते चिवकायचं. ताम्हणेबाईंनी त्या हाताच्या मनगटावर आपला हात ठेवला होता.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं," मी सुरू केलं. "सातारा विजापूर गाडी फलाटावर लागत आहे. ही गाडी कराड, कडेगाव, विटा मार्गे जाईल..."

"चिमटा लावतोय," बेलवलकर म्हणाले.

"हात दाबा काका."

खेळणं चिवकलं.

"कराड," मी म्हणालो. "कडेगाव. विटा. कवठेमहांकाळ." ही गाडी मी वर्षानुवर्षं पुकारली होती. झोपेतसुद्धा म्हटली असती. "कवठेमहांकाळ. जत."

जत म्हटलं आणि हिरवं कापड उजळलं. म्हणजे मला तसं वाटलं. दिवा आला असेल कुणाचा वर. पण ते ऊन होतं. पांढरं, कोरडं, भेगाळलेल्या जमिनीवरचं ऊन. मी अनवाणी चालत होतो. दोन्हीकडे नुसते धसकटांचे वाफे, कुठेही पान नाही, आणि मधून एक पायवाट. वाटेच्या कडेला विहीर होती, कठडा नसलेली, आणि तिच्या तळाशी पाण्याऐवजी निळं आभाळ पडल्यासारखं दिसत होतं. मला त्यात वाकून बघायचं होतं. पण माझा हात कुणीतरी घट्ट धरला होता. मी इतका लहान होतो की मला तो हात आणि लुगड्याचा काठ एवढंच दिसत होतं. हात राठ होता. त्याला शेळीच्या दुधाचा वास होता. लांब कुठेतरी टिटवी ओरडत होती, थांबत होती, पुन्हा ओरडत होती. मला भूक लागली होती, तहान लागली होती, आणि तरी मी इतका सुखात होतो की मला ती वाट संपायला नको होती.

मी बोलत होतो. ते मला कळत होतं. माझे ओठ हलत होते आणि शब्द कुठल्याही खटपटीशिवाय बाहेर पडत होते, जसा श्वास पडतो तसे.

मग बेलवलकरांचा आवाज आला. "झालं. रक्त चालू झालं. कोळेकर, ऐकू येतंय?"

"येतंय," मी म्हणालो. कापड पुन्हा हिरवं झालं होतं.

"शाबास. आता टाके."

मला रडू येत होतं. का ते सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताम्हणेबाई वॉर्डात आल्या. पट्टी नसल्यामुळे मी त्यांना आधी ओळखलंच नाही. चेहरा अगदी कोवळा होता. शालन माझ्या उशाशी मोसंबं सोलत बसली होती.

"काका, तुम्ही मूळचे कर्नाटकातले का?"

"नाही. फलटण. तिथंच वाढलो. नोकरी साताऱ्यात."

"मग काल कन्नड कुठून आणलंत?"

शालनचा हात थांबला.

"तुम्ही गावं म्हणत होतात," ताम्हणेबाई सांगू लागल्या. "जत म्हणालात आणि त्यानंतर मराठी बंदच. सरांना वाटलं, बोलणं गेलं. ते म्हणाले, बरळायला लागले, नळी द्या. नर्सनं नळी हातात दिलीसुद्धा. पण मी तुमचा हात धरला होता ना. तुम्ही खेळणं दाबत होता, अगदी जोरात. आणि ते बरळणं वाटत नव्हतं मला. बरळण्याला असा सूर नसतो. तुम्ही विचारत होता, थांबत होता, जणू समोरून उत्तर येतंय, मग पुन्हा बोलत होता. मी म्हटलं, सर, थांबा, ही भाषा आहे. सर थांबले. तो वेळ फार वाईट होता, काका. माझं चुकलं असतं तर तुमचा हात कायमचा गेला असता."

"मी काय म्हणत होतो?"

"मला कन्नड येत नाही. पण एक वाक्य इतक्यांदा म्हणालात की माझं पाठ झालं. इतकं कळवळून म्हणत होतात की मला वाटलं, मलाच म्हणताय. मी तुमचा हात सोडलाच नाही शेवटपर्यंत." त्या जरा लाजल्या आणि जपून, एकेक अक्षर ठेवत म्हणाल्या, "कै बिडब्याड. कै बिडब्याड."

मला कन्नड येत नव्हतं. कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं. पण ते तीन-चार आवाज कानांत शिरले आणि त्यांचा अर्थ आत आधीच बसलेला होता.

"हात सोडू नको," मी म्हणालो.

ताम्हणेबाई गेल्यावर शालननं मोसंब्याच्या फोडी माझ्या तळहातावर ठेवल्या. "तुमची आई कानडी हुती?"

"असेल."

"असंल म्हंजे?"

मी तिला जे माहीत होतं ते सांगितलं. ते फारच थोडं होतं. माझा बाप बिरू, म्हणजे आबा, मेंढरांमागं फिरत जतकडे गेला आणि तिकडंच राहिला. तिथं त्यानं लग्न केलं. बहात्तरच्या दुष्काळात आई गेली आणि आबानं मला फलटणला हौसाआत्याकडे आणून सोडलं. पुढच्या वर्षी आबाही गेला. आत्यानं मला वाढवलं, शाळेत घातलं. गावाचं नाव बसरगुंडी, एवढं मला ठाऊक होतं. माझं नाव मल्लप्पा होतं, ते शाळेत मल्हारी झालं. सुरुवातीला मी काही बोललो की पोरं हसायची. एकदा आत्यानं माझ्या ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हितं तसलं बोलायचं न्हाई, बाळा. तिकडं आता आपलं कुणी ऱ्हायलं न्हाई." ती वाईट नव्हती. रात्री मला कुशीत घेऊन झोपायची. मी बोलायचा थांबलो आणि एके दिवशी थांबायलाही काही उरलं नाही. पाणी जमिनीत जिरतं तशी ती भाषा कुठेतरी गेली.

"आन् हात कुणाचा हुता?" शालननं विचारलं.

"आईचा असेल."

पण म्हणताना मला माहीत होतं की आईचा नव्हता. मी त्या हाताला टेबलावर काहीतरी हाक मारली होती. ती जिभेच्या टोकावर होती आणि येत नव्हती.

घरी आल्यावरचे दिवस धुक्यासारखे गेले. मानेवर कानामागून खाली उतरणारी शिवण होती. जबड्याची डावी बाजू आणि कानाची पाळी बधिर होती. दाढी करताना तिथं ब्लेड लागलं तरी कळत नव्हतं, म्हणून शालन आरसा धरून बसायची. आवाज बसला होता. माईकवर गाड्या पुकारणारा मी, पण दारावर आलेल्या भाजीवाल्यालाही माझं बोलणं ऐकू जात नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की शिवण ओढली जाईल असं वळू नका, जड उचलू नका, रक्तदाब रोज बघा, रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवू नका, तंबाखू जन्मात नको. तंबाखू सोडणं सगळ्यांत जड गेलं. शालन चिमूटभर बडीशेप हातावर ठेवायची आणि मी ती मळायला लागायचो.

दुपारी पडल्या पडल्या मी त्या पायवाटेवर जायचा प्रयत्न करायचो. डोळे मिटून कराड, कडेगाव, विटा म्हणायचो. जतपर्यंत पोचायचो आणि पुढं काही नसायचं. नुसता पंखा फिरत असायचा. एकदा मात्र, झोप आणि जाग यांच्या मधे कुठंतरी, मला लुगड्याचा काठ दिसला आणि मी म्हणालो, "अक्का."

शालन तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं.

"अक्का होती मला," मी म्हणालो.

संध्याकाळी तिनं डॉक्टरांना फोन लावला आणि विचारलं, यांना एसटीचा प्रवास कधी झेपंल.

परवानगी मिळाली तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. सातारा विजापूर गाडीत मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा बसलो. स्टँडवरचा नवा नियंत्रक गावांची नावं पुकारत होता. कडेगाव गाळलं त्यानं. मी खिडकीतून काही बोललो नाही. शालननं माझ्या मानेभोवती मफलर गुंडाळला आणि वळणावळणाला माझा खांदा धरून बसली. जत मागं पडलं. शाळू उभा होता, कणसं भरलेली, आणि वारा सुटला की अख्खं शिवार एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायचं. माझ्या डोक्यातल्या वाटेशी त्याचं काहीच जुळत नव्हतं. मला भीती वाटू लागली की आपण भुलीच्या औषधाच्या मागं निघालोय.

बसरगुंडीच्या फाट्यावर उतरलो. टपरीवाल्याला शालननंच विचारलं, "हितं बिरू कोळेकर म्हणून धनगर ऱ्हायचा, लई वर्सांमागं. त्याची पोरगी कुणी हाय का?"

टपरीवाला म्हातारा होता. त्यानं थोडा विचार केला. "बिरूची नव्हं. बिरूच्या बायकोची. पयल्या घरची. बाळव्वा." आणि त्यानं हात करून घर दाखवलं.

तेव्हा मला कळलं, आत्याच्या लेखी आपलं कुणी का उरलं नव्हतं. अक्का आईची होती, आबाची नव्हती.

पत्र्याचं घर, पुढं लिंबाचं झाड, झाडाखाली दोन शेळ्या. ओट्यावर एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. दारात तिची सून होती, कस्तुरी नावाची. ती मराठी शाळेत शिकलेली होती.

म्हातारीनं आमच्याकडे बघितलं. "यारु?" तिनं विचारलं. कोण?

मला सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि पोह्यांच्या सकाळसारखं झालं. शब्दच नाही. शालन घाबरून माझा हात चाचपायला लागली. हात ठीक होता.

"ह्यांचं नाव मल्हारी," शालन म्हणाली. "ल्हानपणी मल्लप्पा म्हणायचे."

म्हातारीनं मांडीवरच्या शेंगा बाजूला केल्या. गुडघ्यावर हात टेकत उठली. जवळ आली आणि माझ्या तोंडाकडे न बघता तिनं आधी मफलर सोडला. मानेवरच्या शिवणीवरून बोट फिरवलं, वरून खाली. मग कस्तुरीला काही म्हणाली.

"विचारतायत, कुणी मारलं?" कस्तुरी म्हणाली.

"डॉक्टरांनी," शालन म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली.

बाळव्वा रडली नाही. तिनं माझं मनगट धरलं आणि मला ओट्यावर बसवलं. "ऊटा आतेनु, तम्मा?" जेवलास का, एवढंच तिनं मला विचारलं, आणि तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे मला कस्तुरीनं सांगायची गरज पडली नाही.

भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाताना तिनं सांगितलं आणि कस्तुरीनं मराठी केलं. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथंच तापानं गेली. घरात खायला काही नव्हतं. बाळव्वा तेव्हा लग्नाच्या वयाला आलेली पोर. आबानं ठरवलं, पोराला कालव्याच्या मुलखात न्यायचं, तिथं तरी जगंल. तो पुढं गेला गाडी थांबवायला, आणि मागून बाळव्वा मला घेऊन फाट्याकडे निघाली.

"वाटेत कोरड्या विहिरी होत्या," कस्तुरी सांगत होती. "उघड्या. आणि तुम्ही पळणारं पोर. म्हणून त्या सारख्या म्हणत होत्या, तम्मा, कै बिडब्याड. हात सोडू नको."

मी घास खाली ठेवला. म्हणजे टेबलावर मी बोलत होतो ते शब्द माझे नव्हते. तिचे होते.

"तिला विचार," मी कस्तुरीला म्हणालो, "मग अक्कानं हात कुठं सोडला?"

बाळव्वाला प्रश्न ऐकून नवल वाटलं. ती माझ्याकडेच बघत सावकाश बोलली आणि कस्तुरी मधेच थांबली. तिला सांगावं की नाही कळेना.

"सांग," मी म्हणालो.

"त्या म्हणतात, मी नाही सोडला. तू सोडलास." कस्तुरीनं बाळव्वाकडे बघत पुढचं सांगितलं. "लांबून धुरळ्यातनं लाल गाडी आली. तुम्ही तोवर एसटी बघितलीच नव्हती. हात हिसडून पळालात. तुमच्या बापाच्या आधी वर चढलात. खिडकीत बसून टाळ्या वाजवत होतात. गाडी गेली तरी मागं बघितलं नाही."

एक शेळी येऊन शेंगांच्या टरफलांत तोंड घालत होती.

"वाईट वाटलं असंल त्यास्नी," शालन हळूच म्हणाली.

कस्तुरीनं विचारलं. बाळव्वानं मान हलवली. ती बराच वेळ बोलली, पण कस्तुरीनं थोडक्यात सांगितलं. "म्हणतात, रडत गेला असता तर मी जन्मभर रडले असते. हसत गेला. पुढं माझं लग्न झालं, पोरं झाली, एक गेलं. जेव्हा जेव्हा याची आठवण आली तेव्हा खिडकीतलं हसणंच दिसलं. म्हटलं, जिथं असेल तिथं बरा असेल."

दुपार उतरत होती. बाळव्वानं ओट्यावर घोंगडी टाकली आणि हातानं थोपटून मला झोपायला सांगितलं, जसं लहान पोराला सांगतात. मी डाव्या कुशीवर झोपू शकत नव्हतो तेव्हा. तिनं ते विचारलं नाही, पण उशी उजव्या बाजूला दिली.

ऑपरेशननंतर इतका गाढ मी झोपलो नव्हतो. जाग आली तेव्हा लिंबाची सावली माझ्या अंगावरून पलीकडे गेली होती. शालन आणि बाळव्वा शेजारी शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. कस्तुरी घरात होती. एक मराठीत बोलत होती, एक कन्नडमधे, आणि दोघी हसत होत्या. मी डोळे न उघडता पडून राहिलो. बाळव्वा सांगत होती की हा पोरगा लहानपणी मीठ चोरून खायचा. मला ते कळलं, कुणी मराठी न करता.

याला आता दोन-तीन वर्षं झाली. माझी शीर दरवर्षी तपासून घेतो, अजून मोकळी आहे. आवाजही आला, फक्त थोडा खरखरीत. शाळूच्या हंगामात आम्ही बसरगुंडीला जातो आणि महिनाभर राहतो. माझं कन्नड परत आलंय, पण जेवढं गेलं होतं तेवढंच आलंय. सात-आठ वर्षांच्या पोराचं. भूक लागली, ऊन लागलं, हे माझं, ते दे, एवढंच मला नीट बोलता येतं. अक्काच्या नातवंडांना फार मजा वाटते, एवढा म्हातारा माणूस आणि बोलतो बारक्या पोरासारखा. ती तोंडावर हात ठेवून हसतात.

अक्का हसत नाही. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसतच नाही.